कापड मांडलंय

ठकुबाईला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नसे. हे तिच्या पाठीमागे बोलायची गरज नाही, ती स्वतःच चारचौघींत सांगे. शेजारच्या मेरीअम्माच्या अबोलीला चार फुलं जास्त आली की ठकुबाईचं तोंड उतरे. रसेल मार्केटात दोघींनी एकाच टोपलीतली वांगी घेतली तरी दुसरीची वांगी तिला जास्त कोवळी दिसत. "माझ्या पोटात जळतंय बघ," असं ती सरळ म्हणे, आणि मग दोघी हसत. चौसष्ट-पासष्ट साली शिवाजीनगरातल्या निम्म्या बायका तिच्याकडे झंपर बेतायला आणत, तेव्हाही तिचा हा स्वभाव गेला नव्हता. मात्र एका हेव्याबद्दल ती कधी बोलत नसे. धाकट्या जावेच्या कापडाचा तो हेवा. त्यापायी तिच्या हातून जे झालं ते चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं.

घर शिंप्याचं, मराठी बोलणारं, पण कानडी मुलखातलं. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, जिला जुनी माणसं अजून ब्लॅकपल्ली म्हणत. पुढे दुकान, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परस. ठकुबाईचे सासरे मल्लाप्पा मास्तर यांनी कँटोन्मेंटातल्या गोऱ्या साहेबांचे कोट शिवून नाव कमावलं होतं. साहेब गेले, मग शाळांचे गणवेश आले, कारखान्यांची खाकी आली. थोरला मुलगा गुंडो, म्हणजे ठकुबाईचा नवरा, दुकानात मशीन चालवी. धाकटा बसवंत कारखान्यात फिटर होता. बेतायचं काम मात्र मास्तर दुसऱ्या कुणाला देत नसत. माजघराच्या तांबड्या जमिनीवर मोठी चटई टाकून, तिच्यावर कापड पसरून, खडूनं आखून ते कात्री चालवत.

आणि त्या वेळेपुरता घरात एक कडक नियम होता. कापड पसरलं आणि कात्री हातात आली की त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. हाक मारायची नाही, कापड ओलांडायचं नाही, जेवायला वाढलंय म्हणूनही सांगायचं नाही. कुणी नुसतं "कापड मांडलंय" म्हटलं की माजघर चिडीचूप होई. नियमामागची गोष्ट दुकानातल्या कारागिरांनाही पाठ होती. एकदा म्हणे कुणा कर्नलसाहेबाचा लाल कोट बेतताना सोयराबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मीठ संपल्याचं सांगायला हाक मारली. कात्री घसरली, बाही गेली, आणि कर्नल दुकानाला कुलूप लावायला निघाला. ही गोष्ट निघाली की सोयराबाई खाली बघत. एरवी त्या कुणासमोर खाली बघणाऱ्या नव्हत्या.

सोयराबाईंनी सुनेवर कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. त्यांचं सगळं काम जेवणाच्या वेळी, वाढता वाढता, हळू आवाजात चाले. सून समोर उभी असे आणि सासू तिच्याविषयी भिंतीशी बोलत असे. "आमच्याकडे एक आलीय, तिला निपाणीत आमटीत पाणी ओतायला शिकवलंय." दिवसभरातल्या चुका त्या साठवून ठेवत आणि संध्याकाळच्या ताटाबरोबर एकेक वाढत. सून काही बोलली तर, "बघा, उलटून बोलते." गप्प राहिली तर, "बघा, मनात ठेवते." रडली तर, "नाटक." गुंडो ताटात बघून जेवायचा आणि हात धुऊन दुकानात जायचा. मास्तर त्याआधीच जेवून उठलेले असत.

ठकुबाई अडतीस साली निपाणीहून या घरात आली तेव्हा चौदा वर्षांची होती. विसाव्या वर्षी तिला मुलगी झाली आणि अकरा दिवसांची होऊन गेली. भेटायला आलेल्या बायका माजघरात बसल्या होत्या. त्यांच्यादेखत सोयराबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हिच्या हाताला यश नाही." एवढंच. पण शिंप्याच्या घरात त्या वाक्यानं माणूस निकालात निघतं. त्या दिवसापासून ठकुबाईला कुणी कात्रीला हात लावू दिला नाही. कापड वाया जाईल म्हणून. तिच्या वाट्याला काजं आली, कारण काजांना यश लागत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. दुकानातलं प्रत्येक बटण ज्या भोकातून जाई ते भोक ठकुबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सुईनं विणी. काजं ती अशी करी की साहेब लोक उलटीकडून बघत आणि सुलटी कुठली ते कळत नसे.

तिला ते वाक्य खरं वाटू लागलं, ही त्यातली वाईट गोष्ट. मेरीअम्मानं आपलं तान्हं पोर घ्यायला पुढं केलं तर ठकुबाई दोन्ही हात पदराखाली घेई. दही लागलं नाही तर आधी स्वतःच्या तळव्यांकडे बघे. रडायचं तिनं पहिल्याच वर्षी सोडलं होतं. अशी बारा वर्षं गेली.

छपन्न साली वसुमती आली. बसवंताची बायको, देवनहळ्ळीच्या किल्ल्यातल्या एका शिंप्याची मुलगी. आई लहानपणी गेलेली, घरात सावत्र आई, त्यामुळे माहेरी परत जायला जागा अशी नव्हती. अठरा वर्षांची, गालात हसणारी, काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणणारी. सोयराबाईंनी पहिले पंधरा दिवस तिला निरखलं. सोळाव्या दिवशी भाकरी वाढताना भिंतीला सांगितलं, "आई नसलेलीला घर कसं कळणार. तिला कळलं असतं तर आई टिकली असती."

ठकुबाई उंबऱ्यावर बसून हे ऐकत होती. तिला काय वाटलं ते सांगायलाच हवं. तिला बरं वाटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती जीभ दुसरीकडे वळली होती आणि ठकुबाईला जेवण गोड लागलं. पुढे पुढे तर ती मदतही करू लागली. "आज दूध उतू गेलं की, आत्याबाई," असं ती सहज म्हणे. कुणाच्या हातून ते सांगायची गरज नसे. सासूबाईंना तेवढा धागा पुरे.

सहा महिन्यांत वसुमतीचं गुणगुणणं थांबलं. वर्षाच्या आत तिची जीभ अडखळू लागली. पाणी प्यायच्या आधी ती विचारी. भांडं पडलं की दोन्ही खांदे वर घेई, कुणी मारणार असल्यासारखे, आणि या घरात तर कुणीच मारत नव्हतं. बसवंत चांगला होता, पण सकाळी सातला सायकलवर बसे आणि दिवे लागल्यावर येई. "स्वल्प सोसून घे," म्हणे. दोघा भावांना तेवढंच येत होतं.

सत्तावन्न साली मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. खडूची रेघ दिसेनाशी झाली. त्यांनी एका सकाळी माजघरात दोघी सुनांना बोलावलं आणि विचारलं, "कात्री कुणाला येते?"

ठकुबाईचे हात आपोआप पदराखाली गेले. वसुमती अडखळत म्हणाली, "अ-अप्पांनी शिकवलंय मला, माहेरी. स्वल्प."

"सरी, ठीक आहे. बस."

सोयराबाई दारात येऊन काहीतरी बोलणार होत्या. मास्तर शांतपणे म्हणाले, "कापड मांडलंय." त्या मागं वळल्या.

तेव्हापासून मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत, मापं तोंडी सांगत आणि वसुमती बेतत असे. खाकी सोमवारी येई. सोमवारी दुपारी दोन ते चार, वसुमती चटईवर गुडघे टेकून वाकलेली, आणि त्या दोन तासांत या घरातलं कुणीही तिला एक शब्द बोलू शकत नव्हतं. मग सोमवारबरोबर मंगळवारही आला. मग रोजची दुपार. दोन वाजले की वसुमती चटई अंथरी आणि माजघरातून कात्रीची कचकच ऐकू येऊ लागे. सोयराबाई स्वयंपाकघरात सुपारी कातरत आणि गप्प बसत.

दोन तास काही फार नसतात. पण त्या पोरीला ते पुरले. तिचे गाल भरले. ती पाणी न विचारता पिऊ लागली. संध्याकाळी ताटावर सासूबाई बोलत, तेव्हा ती ऐकून घेई आणि तरीही जेवे, कारण उद्या दोन वाजणार हे तिला माहीत होतं. बोलताना अडखळणं आधी निम्मं झालं आणि मग गेलंच. सोयराबाईंच्याही ते ध्यानात आलं. ज्याला लागत नाही त्याला बोलण्यात त्यांना रस नव्हता. जीभ पुन्हा थोरल्या सुनेकडे वळली.

आता मात्र ठकुबाईच्या पोटात जे जळू लागलं ते वांग्यांचं जळणं नव्हतं. तिला कापडाचा हेवा वाटे, चटईचा वाटे, खडूनं पांढऱ्या झालेल्या वसुमतीच्या बोटांचा वाटे. आपल्याला इतक्या वर्षांत हे का सुचलं नाही, याचा राग वेगळाच. आपण उंबऱ्यावर बसून काजं करतो तेव्हा सासू खुशाल बोलते, कारण सुईला कुणी घाबरत नाही. कात्रीला घाबरतात. आणि ती कात्री काल आलेल्या पोरीच्या हातात. ठकुबाई उंबऱ्यावरून माजघरात बघत राही आणि तिचं काज वाकडं जाई. असं कधी झालं नव्हतं.

इतकं बघितल्यावर तिच्या लक्षात न येतं तरच नवल. बाहेरच्या कुणालाही ते कळलं नसतं, सासूबाईंनाही कळलं नाही. पण या घरात जे कापड बेतलं जाई ते शिवून शेवटी काजांसाठी ठकुबाईच्या मांडीवर येई. एकही तुकडा चुकत नसे. खाकी येई, गणवेशाचे शर्ट येत. आणि सायीच्या रंगाचं एक जाड फ्लॅनेल, जे वसुमती तीन महिने जवळजवळ रोज चटईवर पसरत होती, ते कधीच आलं नाही.

ठकुबाईनं एक दिवस पाणी न्यायच्या निमित्तानं दारातून नीट पाहिलं. तेच फ्लॅनेल. त्याच खडूच्या रेघा, पुन्हा पुन्हा गिरवून जाड झालेल्या. वसुमती त्यांच्यावर वाकून कात्री उघडत होती आणि मिटत होती, कापडापासून वीतभर वर, हवेत. डोळे मिटलेले. स्टुलावर मास्तर भिंतीला डोकं टेकून बसले होते. ती पोरगी काही बेतत नव्हती. ती नुसती बसली होती, आणि बसायला मिळावं म्हणून कात्री वाजवत होती.

ठकुबाईनं आठ दिवस ते पोटात ठेवलं. बोलायचं नाही असंही तिनं ठरवलं होतं, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. नवव्या दिवशी दुपारी सोयराबाई सुपारी कातरता कातरता भिंतीला म्हणाल्या, "आज श्रावणातली दशमी. अकरा दिवसांच्या त्या पोरीला आज चौदा वर्षं पुरी झाली असती. पण हात लागला ना आईचा."

ठकुबाईच्या हातातली सुई थांबली. आणि त्याच क्षणी माजघरातून, कात्रीच्या आवाजाखालून, वसुमतीचं गुणगुणणं ऐकू आलं. दीड वर्षानं परत आलेलं.

"ती कापत नाहीय, आत्याबाई," ठकुबाई म्हणाली. "तीन महिने तेच कापड आहे. कात्री हवेत चालते."

सोयराबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. उठल्या, माजघरात गेल्या, आणि तीस वर्षांत कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पसरलेल्या कापडावर पाय ठेवला.

"काप की," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीन महिने खेळतेयस, आता काप. आम्हीपण बघतो, आई नसलेलीचा हात."

मास्तर स्टुलावर सावरून बसले, पण काही बोलले नाहीत. काय बोलणार, कापड मांडलेलं नव्हतंच. वसुमतीनं सासूकडे पाहिलं नाही. तिनं दाराकडे पाहिलं, जिथं ठकुबाई सुई धरून उभी होती. हे काजं करणारीशिवाय कुणाला कळणार नाही, एवढं शिंप्याच्या मुलीला ठाऊक होतं.

मग तिनं कात्री कापडाला लावली. कात्री सासूच्या पायाशी येऊन थांबली, आणि वसुमती वर न बघता तशीच वाकून राहिली. सोयराबाईंना पाय काढावा लागला. कात्री खडूच्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या. हवेतली कचकच आणि जाड कापडातून जाणारी कात्री, दोहोंचा आवाज वेगळा असतो. तो सगळ्यांनी ऐकला. तुकडे गोळा करून वसुमती उठली आणि ते तिनं ठकुबाईच्या हातात दिले.

"अ-अक्का," ती म्हणाली, "शिवून झालं की का-काजाला तुमच्याकडेच येईल. आधीच बघून घ्या."

त्या दिवसापासून खरं काम असेल तरच माजघरात बसायचं, असं ठरलं. खरं काम सोमवारचं. उरलेल्या सहा दुपारी सोयराबाईंना मोकळ्या मिळाल्या आणि त्यांनी त्या वाया घालवल्या नाहीत. दुपारभर त्या वसुमतीला समोर बसवून तांदूळ निवडायला लावत आणि भिंतीशी बोलत. ठकुबाईला कुणी काही म्हणेना. तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि घास काही खाली उतरत नव्हता. तिला वाईट वाटे, आणि त्या पोरीसाठी आपल्याला वाईट वाटतंय याचाही राग येई.

फ्लॅनेलचा कोट शिवून काजांना आला. मास्तरांच्या मापाचा होता. ठकुबाई तो घेऊन सकाळच्या उन्हात परसात बसली आणि आधी चूक शोधू लागली. बगल पाहिली, खांदा पाहिला, कॉलर पाहिली. चूक नव्हती. पलीकडे मास्तर ऊन खात बसले होते. त्यांनी हात पुढे केला, कोट मांडीवर घेऊन बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "पोरीचा हात चांगला आहे."

ठकुबाईनं सुई पदराला टोचली. "मामंजी, मला का नाही दिलीत?"

"काय?"

"कात्री. काय घडतंय ते तुम्हाला कळत होतं की. तिला कापायला काही नसताना कापड दिलंत. मला का नाही?"

सासऱ्याशी असं ती वीस वर्षांत बोलली नव्हती. मास्तरांनी कोटाच्या बाहीची शिवण चिमटीत धरली.

"ठकू, कर्नल-बिर्नल कुणी नव्हता," ते म्हणाले.

ठकुबाईला कळेना.

"लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी ताटावर बसलो की तुझी सासू सुरू करायची. माझा बाप, माझं दिसणं, माझा हात. अन्न उतरेनासं झालं. एक दिवस मीच एक लाल बाही वाकडी कापली आणि तिला सांगितलं, तू बोललीस म्हणून झालं, आता साहेब आपल्याला उठवणार. तेवढ्याला ती भ्यायली. तेव्हापासून मांडतोय कापड. निम्म्या वेळा मीपण हवेतच कापायचो."

"मग मला?"

"तू कधी रडली नाहीस," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, तुला निभावतंय. ती पोरगी भांड्याच्या आवाजाला दचकायला लागली, तेव्हा मला माझं आठवलं."

"रडलं की नाटक म्हणायच्या," ठकुबाई म्हणाली. "म्हणून रडणं सोडलं."

म्हाताऱ्यानं बाहीची शिवण सोडली. त्यांनी कोट परत दिला. ठकुबाईनं सुई काढली आणि त्याची तिन्ही काजं पुरी केली. तिला आता त्या कापडाचा हेवा वाटत नव्हता. वसुमतीला दचकता आलं, याचा वाटत होता.

कोट घडी करून ठेवून ती घराबाहेर पडली. गल्लीतल्या बायका झंपर शिवायला पुरुष शिंप्याला माप देत नसत. जुना झंपर नमुन्याला देत आणि मग काखेत दाटतो म्हणून वर्षभर कुरकुरत. ही कुरकुर ठकुबाईनं शेकडो वेळा ऐकली होती. ती आधी मेरीअम्माकडे गेली, मग कोपऱ्यावरच्या गंगव्वाकडे, मग मशिदीमागच्या दोन घरांत. "आमच्याकडे आता बाईमाणूस माप घेतं आणि बेततं," एवढंच सांगितलं. बारा वाजेपर्यंत तिच्या काखेत झंपरांची सात कापडं होती.

दोन वाजता तिनं माजघरात स्वतःच्या हातानं चटई टाकली. वसुमती तांदळाचं सूप घेऊन बसली होती. "ये," ठकुबाई म्हणाली. "खरं कापड आहे. रोज येईल, बायकांना झंपर लागतातच. पण अर्धी चटई माझी. आणि मला बेतायला शिकवायचं."

वसुमती उठली नाही. "तु-तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो. मीच."

"का, अक्का?"

"तू गुणगुणत होतीस," ठकुबाई म्हणाली.

त्या उत्तरात माफी नव्हती, पण खोटंही काही नव्हतं, आणि या घरात खरं उत्तर वसुमतीला पहिल्यांदाच मिळत होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं. चटईवर खडूनं एक रेघ ओढली, एका बाजूला मेरीअम्माचं निळं चीट पसरलं, आखून दिलं आणि कात्री ठकुबाईपुढे धरली. "रेघेकडे बघायचं, अक्का. हाताकडे बघायचं नाही."

ठकुबाईचा हात पदराखालून निघता निघेना. मग तिनं कात्री घेतली. तेवढ्यात दारात सोयराबाई आल्या.

"हिच्या हातात कात्री?" त्या भिंतीला म्हणाल्या. "जिच्या हाताला..."

"कापड मांडलंय," स्टुलावरून मास्तर म्हणाले.

वीस वर्षांत हे दोन शब्द ठकुबाईनं हजारदा ऐकले होते. सासऱ्यांसाठी ऐकले होते, जावेसाठी ऐकले होते. स्वतःसाठी आज ऐकले. सोयराबाईंचं वाक्य तिथंच राहिलं. यावेळी चटईवर कापडही खरं होतं, कात्रीही खरी चालणार होती, आणि पाय पुढे टाकायला त्यांना जागा नव्हती. त्यांच्या पावलांचा आवाज मग स्वयंपाकघराकडे गेला.

ठकुबाईनं रेघेकडे बघितलं आणि कात्री चालवली. चार बोटं. मग वीतभर. चीट सरळ कापलं जात होतं, कुठं काही वाया गेलं नाही, कुणी मेलं नाही. बाहीच्या वळणाशी आली आणि तिला रेघ दिसेनाशी झाली. डोळे भरून आले होते. चौदा वर्षांपूर्वीचं सगळं त्या निळ्या कापडावर टपटप पडू लागलं आणि खडू भिजून पुसट होऊ लागला. नाक वर ओढल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला असणार. तिकडून कुणी "नाटक" म्हटलं नाही. म्हणता येत नव्हतं.

वसुमतीही काही बोलली नाही. नियम तिलाही होता. तिनं नुसता खडू उचलला, पुसलेली रेघ पुन्हा ओढून दिली आणि आपल्या कापडाकडे वळली. थोड्या वेळानं ती गुणगुणू लागली.

ठकुबाईनं पदरानं डोळे कोरडे केले आणि जरा निरखून पाहिलं. मधली रेघ मधोमध नव्हती. वसुमतीची बाजू चांगली चार बोटं मोठी होती. तिच्या पोटात नेहमीचं जळलं. ती कापडासकट चार बोटं रेघेपलीकडे सरकली, आणि उरलेली बाही कापायला घेतली.